पैसे एका दिवशी, प्रवास दुसऱ्या दिवशी

प्रश्न: "माझे वय ५३ असून मी नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहतो. कॉलेजात असताना मासिकातून कापलेले एका दोन आसनी स्पोर्ट्स कारचे चित्र माझ्या टेबलाच्या काचेखाली होते. आता मुले मार्गी लागली आहेत आणि पुण्यात २००८ सालची पोर्शे बॉक्स्टर विकाऊ असल्याचे कळले आहे. २.७ लिटरचे इंजिन, हाताने टाकायचे गिअर, ४६ हजार किलोमीटर, दोन मालक. किंमत २१ लाख सांगितली आहे. पुण्यातल्या भाच्याने गाडी पाहून व्हिडिओ पाठवला, इंजिनाचा आवाज खणखणीत आहे. टायर नव्यासारखे आहेत, असे विक्रेता म्हणतो. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी अजनीहून वंदे भारतने पुण्याला जावे, पाडव्याला सकाळी पैसे देऊन गाडी ताब्यात घ्यावी आणि समृद्धी महामार्गाने रात्रीपर्यंत घर गाठावे, असा बेत आहे. पत्नीचे म्हणणे असे की गाडी हौसेने घ्या, पण ट्रकवरून आणा. नागपुरात ही गाडी उघडून पाहील असा मिस्त्री माझ्या माहितीत नाही. मी काय करावे?"

उत्तर: आपल्या पत्नीची भीती रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. आपला उत्साहही रास्त आहे, पण बेत अजिबात पटत नाही. गाडी आपण चालवतच आणावी, मात्र ज्या दिवशी पैसे द्याल त्या दिवशी आणू नये. या दोन्हींच्या मध्ये निदान तीन-चार दिवस जावेत आणि ते दिवस गाडीने पुण्यातच काढावेत, हे माझे म्हणणे आहे.

ट्रक का नको, ते आधी सांगतो. आपल्या पत्राचे शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि आपण ते जाता जाता लिहून टाकले आहे. नागपुरात ही गाडी उघडणारा माणूस आपल्याला ठाऊक नसेल, तर तिच्यातला जो काही दोष आहे तो पुण्यातच वर आला पाहिजे. ट्रकवर चढवलेली गाडी तिचे दोष जसेच्या तसे पोटात घेऊन आपल्या दारात उतरते. मग पहिल्या आठवड्यात वर्धा रोडवर तापमानाचा काटा वर गेला की तीच गाडी पुन्हा ट्रकवर चढवून सातशे किलोमीटर परत न्यावी लागते. वर्षाकाठी कमीच फिरलेल्या गाडीला सलग चार तास चालवले, की तिने दडवलेले बरेच काही बाहेर येते. ते कुठे बाहेर यावे, एवढेच आपल्या हाती असते.

भाच्याच्या व्हिडिओवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. बघणारा येणार म्हटल्यावर विक्रेता गाडी आधीच सुरू करून ठेवतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. पण गरम इंजिन सगळ्यांचेच गोड बोलते. भाच्याला पुन्हा पाठवा, सकाळी सातला, आणि गाडी रात्रभर बंद असली पाहिजे असे विक्रेत्याला आधी सांगून ठेवा. पहिल्या क्षणी धुराचा छोटा झोत आला तर घाबरू नये. या इंजिनात सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर असतात आणि गाडी उभी राहिली की थोडे तेल त्यांत झिरपते. धूर मिनिटभरानंतरही दाट पांढरा येतच राहिला, तर मात्र तेलाची वाफ वेगळी करणारा सेपरेटर गेला असण्याची शक्यता धरून चालावे.

यानंतरची तपासणी भाच्याच्या आवाक्यातली नाही. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे, मधोमध असते. बॉनेट उघडून ते दिसत नाही, कारण बॉनेटखाली सामानाची डिकी आहे, आणि मागचे झाकण उघडले तर तिथेही डिकीच आहे. म्हणून या गाडीवर नेहमी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या स्वतंत्र मिस्त्रीला पैसे देऊन, गाडी लिफ्टवर चढवून पाहणी करून घेणे अटळ आहे. विक्रेत्याच्या ओळखीचा मिस्त्री यासाठी चालणार नाही. किंमत २१ लाख असताना या पाहणीत काटकसर करणे म्हणजे घर घेताना वकिलाची फी वाचवण्यासारखे आहे.

मिस्त्रीला विचारायचे काय, तेही सांगतो, कारण या गाडीविषयी ऐकीव भीती फार पसरलेली आहे. जुन्या बॉक्स्टरच्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्ट नावाचा दांडा असतो. त्याचे बेअरिंग तुटले तर अख्खे इंजिन भंगारात जाते, हे खरे. परंतु २००६ च्या मॉडेलपासून कंपनीने मोठे आणि अधिक टिकाऊ बेअरिंग घातले आणि २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो दांडाच ठेवला नाही. आपली गाडी २००८ ची, म्हणजे मोठ्या बेअरिंगची आहे. इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते बदलता येत नाही, तेव्हा खबरदारी म्हणून बदलून देतो असे कोणी म्हटल्यास त्याच्याकडे गाडी नेऊ नका. त्याऐवजी तेलाचा फिल्टर काढून, कापून, त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहायला सांगा. धातूचा चमचमता चुरा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का, हेही पाहून घ्यावे. हा दोष ३.४ लिटरच्या मोठ्या इंजिनात अधिक आढळतो, आपल्या २.७ मध्ये कमी, तरीही पाहावे. शिवाय या गाडीच्या संगणकात इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले याची नोंद राहते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत कोणी पाचव्याऐवजी तिसरा टाकला असेल तर ती चूक इथे कायमची लिहिलेली सापडते. तो कागद छापून मागावा.

पुण्यातली गाडी असल्याने पाण्याचाही विचार करावा लागेल. कापडी छताच्या कडेने उतरणारे पावसाचे पाणी बारीक नळ्यांतून खाली जाते आणि झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या नळ्या पाल्याने तुंबतात. मग पाणी आत उतरते आणि आसनाखाली बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक युनिटपाशी साचते. भाच्याला सांगा की आसन पुढे-मागे करून त्याखालच्या गालिच्यात हात दाबून पाहा, आणि नाकही चालवा. कुबट वास अत्तराने लपत नाही. मागच्या डिकीतला गालिचाही तसाच दाबून पाहावा, कारण कूलंटची टाकी तिथेच असते आणि जुनी झाली की तिला चीर जाते. पाला आणखी एका जागी अडकतो. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना, हवेच्या तोंडांमागे रेडिएटर आहेत आणि वर्षानुवर्षांचा कचरा एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत जमून बसतो. पुण्याच्या हवेत त्याने काही बिघडत नाही. मार्चअखेरच्या विदर्भात मात्र तोच कचरा गाडी तापवतो. बंपर काढून ती फट साफ करून घेणे हे गाडी निघण्यापूर्वीचे पहिले काम समजावे.

आता टायर. पत्रात आपण 'नव्यासारखे' हा शब्द विक्रेत्याच्या तोंडून उतरवला आहे, आणि तो वाचून मला माझीच फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी मी हैदराबादहून एक जुनी दोन दारांची गाडी घेतली. त्याच दिवशी पैसे, त्याच दिवशी प्रवास, अगदी आपल्यासारखाच बेत. टायरची नक्षी खोल होती, रबर काळेभोर होते, विकणाऱ्याने त्यावर पॉलिश फिरवले होते. पांढरकवडा मागे पडला आणि मागचा डावा टायर फुटला. गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली बसून पाहिले तर टायरच्या बाजूवर, जिथे पॉलिश पोहोचले नव्हते तिथे, वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा होत्या, आणि लंबगोल चौकटीत चार आकडे उमटवलेले होते: १४०९. म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. गाडी फारशी फिरलीच नव्हती, म्हणून नक्षी शाबूत राहिली होती. रबर मात्र म्हातारे झाले होते. हे चार आकडे प्रत्येक टायरवर असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मला ते हैदराबादेत दोन मिनिटांत वाचता आले असते. स्टेपनी चढवून मी हिंगणघाटपर्यंत ताशी पन्नासने आलो.

आपल्याला तर स्टेपनीही मिळणार नाही. या गाडीत सुट्या चाकाऐवजी पंक्चर बुजवायचे रसायन आणि हवेचा छोटा पंप असतो. खिळ्याच्या भोकाला तो पुरतो, फुटलेल्या टायरपुढे त्याचा काही उपयोग नाही. शिवाय पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे आहेत. १७ इंची चाके असतील तर पुढे २०५/५५ आणि मागे २३५/५०. यांपैकी मागचे माप मेहकर किंवा कारंजाच्या दुकानात फळीवर पडलेले असेल, या भरवशावर राहू नये. म्हणून भाच्याकडून चारही टायरवरच्या आकड्यांचे फोटो मागवा, काही वेळा ते आतल्या बाजूला असतात, तेव्हा त्याला वाकावे लागेल. सहा वर्षांपेक्षा जुना एकही टायर असला तर चारही नवे पुण्यातच घालून घ्या आणि तो खर्च किमतीतून वळता करा. या एका बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

कागदपत्रांत बहुतेक गोष्टी आपल्याला ठाऊक असतील: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला व फॉर्म ३५, थकलेली ई-चलने, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने नंबर बदलत नाही आणि रस्ता करही पुन्हा भरावा लागत नाही. दिल्लीची स्वस्त गाडी शोधण्यापेक्षा आपण पुण्याची पाहिली, हे शहाणपणाचे झाले. दोन गोष्टींवर मात्र थांबावे लागेल.

पहिली, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे या गाडीची २००८ ची नोंदणी २०२३ मध्ये संपली. ती पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकृत झाली आहे का, हे आरसीवर स्वतः वाचा. 'कागद क्लिअर आहेत' या वाक्याला काही अर्थ नसतो. नूतनीकरण झाले असेल तर पुढची पाळी २०२८ मध्ये येईल आणि तेव्हा गाडी वीस वर्षांची झालेली असेल. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ८० हजार रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. विक्रेत्याशी घासाघीस करताना हा आकडा समोर ठेवायला हरकत नाही.

दुसरी, विमा, आणि बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. विक्रेता म्हणेल की विमा वर्षअखेरपर्यंत आहे, खुशाल न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाली की त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आला असे मानले जाते, एवढे त्याचे म्हणणे खरे आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई देणारा भाग मात्र असा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहत असल्याने तेवढा फरकही भरावा लागतो. याचा अर्थ असा की पाडव्याला सकाळी पैसे देऊन दुपारी आपण समृद्धीवर असाल, तेव्हा समोर नीलगाय आडवी आली तर पुढच्या बंपरपासून रेडिएटरपर्यंतचा सगळा खर्च आपल्या खिशातून जाण्याची दाट शक्यता आहे. पैसे देणे आणि प्रवास यांच्यात मी जे तीन-चार दिवस मागतो आहे, त्यांतला निम्मा वेळ या एका कागदासाठी आहे. पॉलिसीवर आपले नाव आलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघू नका. ताबा घेताना विक्रेत्याबरोबरच्या पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, म्हणजे त्याच्या काळातले चलन आपल्या गळ्यात आणि आपले त्याच्या गळ्यात पडणार नाही.

पाडव्याचे काय, असे आपण विचाराल. पाडव्याला व्यवहार करा, गाडीला हार घाला, चाकाखाली लिंबू ठेवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, तो सोडावा असे मी म्हणणार नाही. फक्त त्या दिवशी गाडी मिस्त्रीच्या अंगणातून फार लांब नेऊ नका. दुसऱ्या दिवशी इंजिनाचे आणि ब्रेकचे तेल बदलून घ्या. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलायचे असते आणि कमी फिरणाऱ्या गाड्यांत तेच सर्वाधिक विसरले जाते. तिसऱ्या दिवशी पहाटे भाच्याला घेऊन शिरवळपर्यंत जाऊन या, घाट चढायचा असेल तर आणखी पुढे जाऊन खंबाटकीचाही चढा, आणि परतल्यावर गाडी स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करून तासाभराने पुठ्ठा पाहा. काय गळते आणि कुठून, ते पुठ्ठा सांगेल.

निघण्यापूर्वी एक प्रयोग विक्रेत्याच्या देखत जरूर करावा, त्याचे महत्त्व कळायला गाडीचा थोडा विक्षिप्तपणा समजून घ्यावा लागतो. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि त्या डिकीची कडी विजेवर उघडते. बॅटरी उतरली की कडी उघडत नाही, आणि कडी उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत हात पोहोचत नाही. यावर कंपनीने तोड ठेवली आहे: पायाजवळच्या फ्यूजच्या खोक्यातून एक टोक बाहेर ओढता येते, त्याला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज दिली की कडी उघडते. ते टोक कुठे आहे, हे एकदा स्वतः ओढून पाहा. गाडी ओढायचा स्क्रूचा हूक कुठे ठेवला आहे आणि तो बंपरच्या कोणत्या झाकणामागे बसतो, हेही तेव्हाच पाहून घ्या, कारण इतक्या खाली बसलेल्या गाडीला साधी दोरी बांधून ओढता येत नाही, तिला सपाट फळीची रिकव्हरी व्हॅनच लागते.

प्रवास दोन दिवसांचा करावा. पुण्याहून पहाटे निघून अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर हे सुमारे २३५ किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढेच. हा रस्ता वाहता, थांबता, खड्ड्यांचा आणि ट्रॅक्टरांचा आहे, आणि नव्या हाताला क्लच व ब्रेकची ओळख होण्यासाठी तोच बरा. बिघाड झालाच तर पुणे अजून जवळ आहे. दुपारी तिथे थांबा, गाडी थंड होऊ द्या, सपाट जागी उभी करून तेल आणि कूलंटची पातळी पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी उजाडताच समृद्धी महामार्ग गाठा, म्हणजे ऊन चढण्याआधी निम्मे अंतर कापून होईल.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि ही गाडी त्या वेगाला चालतेय हे कळतही नाही, इतकी स्थिर असते. तरीही मी ९० ते १०० च्या मध्येच राहायला सांगेन. सिमेंटचा रस्ता, रणरणते ऊन आणि तासन्तास एकच वेग, यांत टायर तापत जातो आणि चालकाचे डोळे जड होत जातात. या महामार्गावरच्या अपघातांत या दोन कारणांची चर्चा सर्वाधिक झाली आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यांप्रमाणे भरा. पुढची आणि मागची वेगळी असते. वाटेत गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. दर शंभर किलोमीटरला थांबा, आणि थांबलात की प्रत्येक टायरवर हाताचा तळवा ठेवून पाहा. एखादाच बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर त्याची हवा जाते आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक घासतो आहे. छत उघडून येण्याचा मोह जालन्यापर्यंतच पुरवा. त्यापुढे विदर्भाचे ऊन डोक्यावर घेऊन गाडी चालवणे पन्नाशीच्या पुढच्या माणसाचे काम नाही, आणि विशीतल्याचेही नाही.

भाचा सोबत येत असेल तर आणावा. पत्नी येणार असतील तर त्याहून उत्तम, कारण गाडीत आसने दोनच आहेत, आणि त्यांनी शेजारी बसून एखादा आवाज आपल्या आधी ऐकला तर ऐकावे.

समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला, महामार्ग सोडलात की खरी परीक्षा नागपूरचे गतिरोधक घेतील; वस्तीवस्तीत लोकांनी हौसेने बांधलेल्या उंचवट्यांना कोणतेही माप नसते. ते सरळ न घेता तिरके, एकेक चाक करून घ्यावेत. आपल्या इमारतीत तळघरात पार्किंग असेल तर त्याचा उतार आजच मोजून घ्या, खाली जिथे उतार संपून सपाटी लागते तिथे या गाडीचा पुढचा ओठ घासतो. आणि शक्य असेल तर तळघरातली जागा शेजाऱ्यांना देऊन वरची घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा तळघरातल्या गाड्यांचे काय झाले, ते आपल्या शहरात कोणी विसरलेले नाही, आणि या गाडीचे इंजिन त्या सगळ्यांपेक्षा जमिनीला जवळ आहे.